अनाहूत विक्रेते आणि लहान व्यावसायिकाचा वेळ

लहान व्यवसायात खरेदी, विक्री, हिशेब, उधारीची वसुली आणि कामगारांवरची देखरेख ही सगळी कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर असतात आणि त्याच व्यक्तीचा मोबाइल क्रमांक दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलेला असतो. मोठ्या कंपनीकडे माल किंवा सेवा विकायला येणाऱ्या प्रतिनिधीला आधी स्वागतकक्ष, मग खरेदी विभाग आणि त्यापुढे मंजुरीची उतरंड पार करावी लागते. किराणा दुकानदार, छापखान्याचा चालक, दातांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर किंवा घरून मसाले करून विकणारी उद्योजिका यांच्यापर्यंत मात्र तोच प्रतिनिधी कोणताही अडथळा न येता, थेट गल्ल्यावर किंवा थेट कानाशी पोहोचतो. ज्याने मागणी केलेली नाही, चौकशी केलेली नाही आणि संमतीही दिलेली नाही, अशा व्यावसायिकाशी विक्रीच्या हेतूने फोन, संदेश, ईमेल किंवा प्रत्यक्ष भेट यांतून साधलेल्या संपर्काला या लेखात अनाहूत विक्रीसंपर्क म्हटले आहे.

अनोळखी क्रमांक उचलायचाच नाही, हा उपाय नोकरदाराला जमतो, व्यावसायिकाला जमत नाही, कारण त्याचा नवा ग्राहकही प्रथम अनोळखी क्रमांकावरूनच बोलतो. प्रश्नाची खरी अडचण येथे आहे: ज्या वाटेने ग्राहक येतो त्याच वाटेने विक्रेताही येतो, त्यामुळे वाट बंद केली तर धंदा थांबतो आणि उघडी ठेवली तर दिवस तुकड्यातुकड्यांत वाया जातो. म्हणून व्यावसायिकाने दोन गोष्टी साधाव्यात. एक म्हणजे ग्राहकाची वाट आणि विक्रेत्याची वाट शक्य तितकी वेगळी करावी. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, म्हणजे खरेदीचा निर्णय कोणत्या वेळी व कोणत्या जागी घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याच्या हातून काढून स्वतःकडे ठेवावा. पुढे सांगितलेले बहुतेक उपाय या दोन गोष्टींसाठीच आहेत.

संपर्क करणाऱ्यांचे प्रकार परिचित आहेत. विनातारण व्यवसायकर्ज, दुकानाचा विमा, पेमेंटचा साउंडबॉक्स आणि स्वाइप मशीन, बिलिंगचे सॉफ्टवेअर, इंटरनेटवरील व्यापारसूचीत वरचे स्थान, समाजमाध्यमांवरील जाहिरात, सौर पॅनेल, स्मरणिका आणि दिवाळी अंकांतील जाहिराती असा हा विस्तार असून, त्यांतील काही प्रस्ताव खरोखर उपयोगाचे असतात. सगळेच विक्रेते शत्रू आहेत अशी भूमिका घेणारा दुकानदार नव्या मालाला आणि चांगल्या घाऊक दराला मुकतो, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिले काम क्रमांकांच्या विभागणीचे आहे. व्यावसायिकाकडे निदान दोन मोबाइल क्रमांक असावेत, मग ते एकाच दोन सिमकार्डांच्या हँडसेटमध्ये असले तरी चालतील. पहिला क्रमांक जाहीर असावा. तो पाटीवर, बिलावर, गुगलवरील व्यवसाय नोंदीत आणि ग्राहकांशी बोलण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस खात्यावर असावा. दुसरा क्रमांक बँक खाते, आधार, जीएसटी आणि उद्यम नोंदणी यांच्याशी जोडलेला असावा, त्यावर ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक यावा आणि तो कोणत्याही छापील कागदावर येऊ नये. अनेक ठिकाणी जीएसटीच्या नोंदणीत करसल्लागाराचाच क्रमांक दिलेला आढळतो. सोयीसाठी केलेली ही तडजोड पुढे सल्लागार बदलताना अडचणीची ठरते, म्हणून तो क्रमांक मालकाचाच, पण न छापलेला, असावा. ईमेलच्या बाबतीतही ग्राहकांसाठी एक, बँक व शासकीय कामासाठी दुसरा आणि विक्री प्रस्तावांसाठी तिसरा पत्ता ठेवता येतो. जीमेलमध्ये पत्त्यातील नावानंतर अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र त्याच खात्यात येते. प्रदर्शनात किंवा संकेतस्थळावर पत्ता देताना असा वेगळा शब्द जोडला, तर पुढे कोणत्या ठिकाणाहून तो पत्ता इतरांकडे गेला हे सहज समजते.

क्रमांक कोठून बाहेर जातो, याकडे व्यावसायिकाचे लक्ष बहुधा जात नाही. अनेक पेमेंट अ‍ॅपमध्ये यूपीआय ओळख आपोआप मोबाइल क्रमांकावरूनच तयार होते आणि क्यूआर कोडच्या खाली ती छापली जाते, त्यामुळे काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला तो क्रमांक वाचता येतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये व्यवसायाच्या नावाची वेगळी ओळख करून घेता येते आणि ती करून घ्यावी. व्यापारी प्रदर्शनांत भाग्यवान सोडतीच्या पेटीत टाकलेली कार्डे, व्यापारसूचीवर एकदा केलेली चौकशी आणि किमतींची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांवर भरलेले अर्ज यांतूनही क्रमांक पसरतो. अशा सूचींपैकी काहींची रचनाच अशी असते की खरेदीदाराची एक चौकशी अनेक विक्रेत्यांना पाठवली जाते, म्हणून एका यंत्राचा दर विचारल्यावर दिवसभर फोन येत राहिले तर त्यात आश्चर्य नाही. ऑनलाइन अर्जाच्या तळाशी असलेला छोटा चौकोन विशेष काळजीने पाहावा, कारण आपला क्रमांक डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब), म्हणजे जाहिरातपर संपर्क नाकारणाऱ्यांच्या, यादीत असला तरी संपर्क साधण्यास संमती आहे, अशा आशयाचे वाक्य तेथे अनेकदा असते आणि ग्राहकाने स्पष्टपणे दिलेली संमती डीएनडीच्या पसंतीपेक्षा वरचढ ठरते.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती बाळगणाऱ्या संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील अशी योजना आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क या कायद्यात आहे. तरीही लहान व्यावसायिकाने त्यावर अवाजवी भिस्त ठेवू नये, कारण व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली वैयक्तिक माहिती कलम ३ नुसार या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते. पाटीवर आणि सूचीत स्वतःच छापलेल्या क्रमांकाला या कायद्याचे कवच फारसे मिळणार नाही. न छापलेल्या क्रमांकाला ते मिळू शकते. दोन क्रमांक ठेवण्याच्या सल्ल्यामागे हे एक कायदेशीर कारणही आहे.

फोन आणि एसएमएस यांच्याबाबत अधिक प्रत्यक्ष उपयोगाची व्यवस्था भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची आहे. तिचा आजचा आधार २०१८ चे विनियम हा असून त्यांत १२ फेब्रुवारी २०२५ रोजी महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. १९०९ या क्रमांकावर फोन करून, दूरसंचार कंपनीच्या किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधून, अथवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ आणि पुढे जागा सोडून शून्य असा एसएमएस १९०९ वर पाठवून सर्व प्रकारचे जाहिरातपर फोन व संदेश नाकारता येतात. बँकिंग व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन, खाद्यपेये असे विषयवार वर्ग असल्याने सरसकट नकार न देता निवडक नकारही देता येतो, जो व्यावसायिकाच्या अधिक सोयीचा आहे: इमारतीचे सामान विकणाऱ्याला स्थावर मालमत्तेचे संदेश हवे असू शकतात, पण क्रेडिट कार्डांचे नको असतात. डीएनडी घेतल्यास ग्राहकांचे फोन किंवा बँकेचे संदेश बंद पडतील, ही दुकानदारांमध्ये आढळणारी भीती निराधार आहे. ही नोंद केवळ जाहिरातपर संपर्काला लागू होते, ओटीपी, खात्यातील व्यवहारांचे संदेश आणि माणसांचे नेहमीचे फोन तिच्या बाहेर राहतात.

कोणता संपर्क कशा स्वरूपाचा आहे हे ओळखण्याच्या खुणाही या व्यवस्थेत आहेत. नोंदणीकृत विक्रीसंस्थांचे जाहिरातपर फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि सेवा व व्यवहारांविषयीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी विभागणी आहे, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँका व वित्तसंस्थांना हीच विभागणी पाळण्याचे निर्देश दिले. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी जोडलेले इंग्रजी अक्षरही अर्थपूर्ण असते: पी हे अक्षर जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार आणि जी शासन दर्शवते. यावरून एक व्यवहारोपयोगी निष्कर्ष निघतो. साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून कर्ज किंवा विमा विकण्यासाठी बोलणारी व्यक्ती कितीही मोठ्या संस्थेचे नाव सांगत असली, तरी ती ठरवून दिलेल्या वाटेने आलेली नाही, म्हणून तिच्याशी बोलणे पुढे नेण्याचे कारण उरत नाही.

तक्रारीच्या मार्गाचा उपयोग फार थोडे व्यावसायिक करतात, आणि हे खेदाचे आहे, कारण २०२५ च्या दुरुस्तीने तो पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ केला आहे. संपर्क आल्यापासून ३ दिवसांत तक्रार करण्याची जुनी मर्यादा ७ दिवसांपर्यंत वाढवली गेली. नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून आलेल्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करण्यासाठी तक्रारदाराने आधी डीएनडी घेतलेले असण्याची अट राहिली नाही. दूरसंचार कंपनीने अशा क्रमांकावर कारवाई करण्याची मुदत ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आली. आणि कारवाईसाठी पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागत, त्याऐवजी १० दिवसांत ५ तक्रारी पुरेशा ठरल्या. पहिल्या उल्लंघनाला त्या प्रेषकाची बाहेर जाणारी सेवा १५ दिवस रोखली जाते आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास त्याची सर्व दूरसंचार साधने वर्षभरासाठी तोडली जातात. पाच तक्रारींचा हा उंबरठा लक्षात घेतला, तर एका बाजारपेठेतील पाच दुकानदारांनी ठरवून तक्रार नोंदवली तरी परिणाम होऊ शकतो, आणि एरवी केवळ सणासुदीला जाग्या होणाऱ्या व्यापारी संघटनांनी हे काम आवर्जून हाती घ्यावे. तक्रारीला फोन करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यात आशय लागतो. त्यासाठी गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवून त्याच क्षणी नोंद करण्याची सवय लावून घेणे पुरते.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. ट्रायचे विनियम फोन आणि एसएमएस यांपुरते आहेत, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल त्यांत येत नाहीत, आणि केवळ अनाहूत ईमेलला आळा घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी कॉलचा आवाज बंद ठेवण्याची सोय आहे, पण ज्या क्रमांकावर ग्राहक व्हॉट्सअ‍ॅप कॉल करतात त्यावर ती वापरू नये. व्यावसायिक खात्यांकडून येणाऱ्या जाहिरातींसाठी संदेश थांबवण्याचा किंवा खाते रोखून तक्रार नोंदवण्याचा पर्याय वापरावा. ईमेलच्या बाबतीत ज्या कंपनीशी खरोखर व्यवहार झाला आहे तिच्या पत्रातील सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा वापरणे सुरक्षित असते. अगदी अपरिचित प्रेषकाच्या पत्रातील तसा दुवा मात्र दाबू नये, कारण पत्ता चालू असल्याची खातरी त्यातून प्रेषकाला मिळू शकते. असे पत्र न उघडता स्पॅम म्हणून नोंदवणे श्रेयस्कर.

आता प्रत्यक्ष नकाराचा विचार. मराठी व्यावसायिक व्यवहारात समोरच्याला तोंडावर नाही म्हणणे जड वाटते, म्हणून ‘बघू’, ‘दिवाळीनंतर सांगतो’, ‘आठ दिवसांनी फोन करा’ अशी उत्तरे दिली जातात. विक्री करणाऱ्याच्या नोंदीत मात्र हे उत्तर नकार म्हणून न येता पुन्हा फोन करण्याची तारीख म्हणून येते आणि शिष्टाचारापोटी केलेल्या या टाळाटाळीने दोन्ही बाजूंचा वेळ वाया जातो. फोनवर बोलणारा तरुण किंवा तरुणी बहुधा ठरावीक फोनसंख्येच्या दडपणाखाली तुटपुंज्या पगारावर काम करत असते. तिच्यावर ओरडण्याने कंपनीचे धोरण बदलत नाही आणि खोटी आशा दाखवण्याने तिचेही नुकसानच होते. ‘ही सेवा आम्हाला नको आहे, आमचा क्रमांक तुमच्या यादीतून काढून टाका, पुन्हा फोन करू नका’ एवढे शांतपणे सांगून फोन ठेवावा. कारण देऊ नये, कारण प्रत्येक कारणावर तयार उत्तर लिहून ठेवलेले असते: पैसे नाहीत म्हटले की हप्ते सुचवले जातात, वेळ नाही म्हटले की प्रतिनिधी पाठवण्याची तयारी दाखवली जाते. क्रेडिट कार्डाच्या विक्रीबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी प्रतिनिधींना सकाळी १० ते संध्याकाळी ७ याच वेळेत संपर्क साधण्याची मर्यादा घातली आहे आणि न मागितलेले कार्ड देण्यास मनाई केली आहे. असे कार्ड संमतीशिवाय देऊन त्यावर आकारणी केली गेल्यास ती रद्द करून, तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून कार्डधारकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे.

दुकानात प्रत्यक्ष येणाऱ्या प्रतिनिधींसाठी वेळ बांधून देणे हा सर्वांत परिणामकारक आणि बिनखर्चाचा उपाय आहे. डॉक्टरांचे दवाखाने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी, म्हणजे एमआर मंडळींसाठी, फार पूर्वीपासून ठरावीक वार व वेळ ठेवतात, आणि ते प्रतिनिधीही ती पाळतात. किराणा, कापड, हार्डवेअर किंवा स्टेशनरीच्या दुकानातही ‘विक्री प्रतिनिधींनी बुधवारी दुपारी ३ ते ५ या वेळेतच भेटावे, इतर वेळी माहितीपत्रक ठेवून जावे’ अशी पाटी लावता येते. नेहमीच्या वितरकाचा माणूस, जो ठरलेल्या दिवशी मागणी घेण्यास व मुदत संपलेला माल परत नेण्यास येतो, त्याला या नियमातून अर्थातच वगळावे, कारण तो अनाहूत नाही. पाटी लावली की ती पाळलीही पाहिजे. संध्याकाळी ७ वाजता गिऱ्हाइकांच्या गर्दीत आलेल्या एका प्रतिनिधीसाठी अपवाद केला की पाटीचे वजन जाते. गर्दीच्या वेळी ‘फक्त दोन मिनिटे’ मागणाऱ्याला वेळ नाकारणे हे उद्धटपणाचे लक्षण नसून, काउंटरवर पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या ग्राहकाविषयीचा आदर आहे.

मालकाच्या गैरहजेरीत काय घडते, याकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. दुकानातील मदतनिसाकडून ‘केवळ भेट झाल्याची’ म्हणून सही आणि शिक्का घेतला जातो आणि तो कागद प्रत्यक्षात मागणीपत्र असतो, हा प्रकार जाहिरात व सूची यांच्या विक्रीत घडतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३७ नुसार, एखाद्या व्यक्तीला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार आहे असा समज मालकाने स्वतःच्या शब्दांनी किंवा वागण्याने निर्माण केला असेल, तर त्या व्यक्तीने अधिकाराबाहेर केलेले व्यवहारही मालकावर बंधनकारक ठरू शकतात. मदतनिसाला रोज माल उतरवून घेताना सही-शिक्क्याची मुभा दिली असेल, तर त्याला अधिकार नव्हता हे नंतर पटवून देणे कठीण जाते. म्हणून शिक्का कुलपात ठेवावा, मालाची पोच देण्यासाठी ‘फक्त माल मिळाला’ असा वेगळा शिक्का करून घ्यावा आणि मदतनिसाला स्पष्ट सांगून ठेवावे की नव्या माणसाच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही, मालकाचा खासगी क्रमांक द्यायचा नाही आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाला वाचून दाखवायचा नाही.

याच अधिनियमातील आणखी दोन मुद्दे व्यावसायिकाने जाणून घेण्यासारखे आहेत. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर सेवा स्वीकारली असे समजू’ अशी पत्रे येतात. परंतु मौन म्हणजे स्वीकृती नव्हे, हे करारविधीचे प्रस्थापित तत्त्व आहे आणि प्रस्ताव मांडणाऱ्याला ते एकतर्फी बदलता येत नाही. मात्र जुन्या करारातच आपोआप नूतनीकरणाचे कलम मान्य केलेले असेल, तर गोष्ट वेगळी ठरते, कारण तेथे संमती आधीच दिलेली असते. दुसरा मुद्दा न मागता ठेवून गेलेल्या मालाचा आहे. कलम ७० सांगते की फुकट देण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीररीत्या काही वस्तू पोहोचवली आणि घेणाऱ्याने तिचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यावा किंवा वस्तू परत करावी; कलमासोबतच्या उदाहरणात एका व्यापाऱ्याने चुकून दुसऱ्याच्या घरी ठेवलेला माल त्याने स्वतःचा म्हणून वापरला, तर त्याला पैसे देणे भाग पडते असे दाखवले आहे. तेव्हा ‘राहू द्या, विकला गेला तर पैसे द्या’ असे म्हणून ठेवलेले खोके उघडून त्यातील माल फळीवर लावणे म्हणजे स्वतःहून देणे अंगावर घेणे होय. असे खोके न उघडता बाजूला ठेवावे आणि ते ठेवणाऱ्याला त्याच दिवशी घेऊन जाण्याविषयी लेखी संदेश पाठवावा.

या सगळ्यात सावध राहण्याचे एक मोठे कारण आहे, जे फार थोड्या व्यावसायिकांना ठाऊक असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येतून व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती वगळलेली आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना अपवाद आहे. घरी घेतलेल्या बिघडलेल्या मिक्सरसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण दुकानासाठी घेतलेल्या निकामी सॉफ्टवेअरसाठी तो दरवाजा उघडा असेलच असे नाही, आणि मग दिवाणी न्यायालयाची लांबची वाट राहते. करार मनाविरुद्ध झाल्यावर तो ठरावीक दिवसांत विनाअट रद्द करण्याचा सर्वसाधारण हक्कही भारतात नाही. तो काही विशिष्ट व्यवहारांतच मिळतो, जसे की जीवन किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. म्हणजे लहान व्यावसायिकाचे खरे संरक्षण सही करण्यापूर्वीच्या काळात आहे.

तो काळ लांबवण्यासाठी एक नियम घालून घेणे उपयोगाचे ठरते: ठरावीक रकमेपेक्षा, उदाहरणार्थ ५,००० रुपयांपेक्षा, मोठी कोणतीही गोष्ट जिचा प्रस्ताव आज प्रथम आला ती आज घ्यायची नाही. ‘आजची शेवटची स्कीम’ या आग्रहाला हा नियमच उत्तर देतो, आणि खरोखर चांगला दर देणारा विक्रेता दोन दिवसांनीही तो देतो. मधल्या वेळात लेखी दरपत्रक मागवावे, जीएसटीच्या संकेतस्थळावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक घालून त्याचे कायदेशीर नाव व नोंदणी चालू आहे का ते पाहावे (त्यासाठी लॉगिन करावे लागत नाही) आणि त्याच सेवेचा वापर करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यावसायिकाला विचारावे. करारात किमान मुदत, रद्द करण्यासाठी द्यायच्या सूचनेचा काळ, आपोआप नूतनीकरण आणि साउंडबॉक्ससारख्या उपकरणाचे मासिक भाडे खात्यात जमा होणाऱ्या रकमेतून वळते होणार आहे का, हे चार मुद्दे तरी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक टक्केवारीचा दर लिहिलेला असतो आणि फोनवर सांगितलेला व्याजदर त्याच्याशी ताडून पाहावा. आगाऊ तारखांचे धनादेश मागणाऱ्या सेवादात्याला ते देऊ नयेत, कारण सेवा न आवडल्याने धनादेश न वटू दिल्यास वाद फौजदारी वळण घेऊ शकतो. मोफत चाचणी म्हणून सुरू केलेल्या सॉफ्टवेअरसाठी यूपीआय ऑटोपे मान्य केले असेल, तर अ‍ॅपमधील त्याच नावाच्या विभागात जाऊन चालू आज्ञा पाहता आणि रद्द करता येतात. महिन्यातून एकदा हा विभाग तपासण्याची सवय हवी.

विक्रीचे सोंग घेतलेल्या फसवणुकीचा विषय स्वतंत्र आहे, पण तिची काही रूपे लहान व्यावसायिकालाच लक्ष्य करतात. गुगलवरील व्यवसाय नोंद ‘पडताळणीअभावी बंद होईल’ असे सांगून शुल्क मागितले जाते, वस्तुतः ती नोंद विनामूल्य असते. उद्यम नोंदणीही शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य होते, तरी शासकीय वाटावे असे नाव व रंगरूप घेतलेली खासगी संकेतस्थळे तिच्यासाठी पैसे घेतात. संकेतस्थळाचे नाव घेणाऱ्यांना परदेशातून पत्र येते की तुमच्या नावाशी जुळणारे नाव दुसरी कंपनी नोंदवत आहे, ते आधी तुम्हीच घ्या; ट्रेडमार्कचा अर्ज केलेल्यांना शासकीय भासणारी देयके येतात, कारण अर्जदारांचा तपशील ट्रेडमार्क नियतकालिकात प्रसिद्ध होतो. केंद्रीय जीएसटी अधिकाऱ्यांच्या नावाने नोटीस आली तर तिच्यावरील डीआयएन (दस्तऐवजाचा ओळख क्रमांक) किंवा संदर्भ क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर तपासता येतो, आणि तो तपासल्याशिवाय ‘प्रकरण मिटवून देणाऱ्या’ सल्लागाराशी बोलू नये. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काळातच अधिक असते; पैसे न जाता केवळ संशयास्पद फोन आला असेल तर संचार साथी संकेतस्थळावरील चक्षू या सुविधेत त्याची नोंद करता येते.

नको असलेल्या प्रस्तावांना थोपवण्याइतकेच हव्या असलेल्या वस्तूंची यादी आधी तयार असणे महत्त्वाचे आहे. येत्या तीन महिन्यांत व्यवसायाला काय लागणार आहे, त्यासाठी किती खर्च झेपेल आणि सध्याच्या कोणत्या सेवेबद्दल तक्रार आहे, हे एका वहीत लिहून ठेवणारा मालक आलेला प्रस्ताव त्या यादीशी ताडून पाहू शकतो. यादीत नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी तिचा विचार पुढच्या आढाव्याच्या वेळी होतो. वर्षाअखेरीचा मार्च आणि दिवाळीपूर्वीचा महिना हे विक्रेत्यांच्या उद्दिष्टांचे व दुकानदारांच्या धांदलीचे काळ असल्याने, आढावा त्याआधी उरकलेला बरा. स्मरणिकांच्या जाहिराती आणि मंडळांच्या वर्गण्या यांचा हिशेब मात्र खरेदीत धरू नये. तो संबंधांचा खर्च आहे, वर्षाची रक्कम आधी ठरवून ती संपेपर्यंत मोकळ्या मनाने द्यावी आणि संपल्यावर तसे सांगावे.

शेवटी एक बाजू उरते, जी स्वतः व्यावसायिकाच्या हातची आहे. तोही आपल्या ग्राहकांना सणाच्या सवलतीचे संदेश पाठवतो आणि त्या ग्राहकांच्या दृष्टीने तोच अनाहूत विक्रेता ठरू शकतो. मोठ्या प्रमाणावर जाहिरातपर एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या सामायिक नोंदप्रणालीवर व्यवसायाची, प्रेषकनामाची आणि संदेशाच्या मसुद्याची नोंदणी करणे आवश्यक असते. स्वतःच्या दहा अंकी क्रमांकावरून शेकडो ग्राहकांना असे संदेश पाठवणाऱ्या दुकानदाराविरुद्ध पाच तक्रारी आल्या, तर ज्याची बाहेर जाणारी सेवा रोखली जाईल तो क्रमांक पाटीवरचाच असेल. ग्राहकाकडून क्रमांक घेताना तो बिलासाठी हवा की सवलती कळवण्यासाठीही, हे विचारून बिलाच्या वहीत खूण करावी, आणि संदेश नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढून, पुढच्या वेळी चुकून पुन्हा भरले जाऊ नये म्हणून वेगळ्या पानावर लिहून ठेवावे.